ऐकून घेण्याविषयीचा विभागीय जनसंवाद

लोकांचं म्हणणं ऐकून घेणं हा कुठल्याही चांगल्या कारभाराचा पाया आहे, आणि पाया म्हटला की तो जमिनीखालीच असायचा; दिसत नाही म्हणून तो नाहीच, असं म्हणणं बरं नव्हे. डॉक्टरांना परवाने देणाऱ्या आणि (क्वचित, फार वाईट वाटून घेऊन) ते परत घेणाऱ्या परिषदेला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिने विभागाविभागात जनसंवाद अधिकारी नेमले होते. या विभागातल्या अधिकाऱ्यांना कार्यालयात संवादसाहेब म्हणत. माणूस सज्जन. परिषदेचं प्रत्येक पत्रक ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत, आणि तसं वाचणारे विभागात बहुधा ते एकटेच होते.

यंदाचा विषय मोठा जिव्हाळ्याचा होता: 'डॉक्टरांनी रुग्णाचं बोलणं मध्येच तोडू नये.' मसुदा मुख्यालयात तयार होता, छापूनही झाला होता. आता फक्त त्यावर जनतेचं मत घ्यायचं राहिलं होतं.

अडचण एवढीच, की जनता येत नसे. मागच्या खेपेला सभागृहात एक गृहस्थ आले होते, पण ते पंखा दुरुस्त करायला. (त्यांचं मत नोंदवून घेतलं. पंखा जुना झाला आहे, असं त्यांचं मत होतं.) या वेळीही खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर विभागाचा जनसंवाद शेजारच्या विभागात विलीन होईल, असं मुख्यालयाने कळवलं होतं. तेव्हा संवादसाहेबांनी अनुभवी अधिकाऱ्याला शोभेल असा निर्णय घेतला. त्यांनी घरचीच माणसं जनता म्हणून नेमली. बायको गृहिणी गटात, सासरे ज्येष्ठ नागरिकांत, मेहुणा युवकांत (वय पंचेचाळीस, पण केस रंगवतो), आणि आत्या दीर्घकालीन रुग्णांत.

हे सगळं मनावर घेतलं ते एकट्या आत्याने. तिला कारण होतं. रक्तदाबाची नवी गोळी सुरू झाल्यापासून उभं राहिलं की तिच्या डोळ्यांपुढे घर फिरायचं. ती डॉक्टरांकडे दोनदा जाऊन आली होती. "डॉक्टर, ती नवी गोळी घेतल्यापासून," एवढं ती म्हणेपर्यंत डॉक्टर "छान, चालू ठेवा" म्हणून पुढच्या माणसाला हाक मारत. आणि भाचा जनसंवादाच्या गडबडीत.

"मला बोलायला मिळेल ना रे तिथे?" तिने विचारलं.

"मिळेल की. पण स्वतःचं काही सांगायचं नाही हं, आत्या. सर्वसाधारण बोलायचं."

"मग कुणाचं सांगू?"

"जनतेचं."

आत्याने जरा विचार केला. "जनतेला चक्कर येते, असं म्हणू?"

संवादसाहेब मनापासून हसले आणि फलक कुठवर आला ते बघायला गेले.

सभेचा दिवस उत्तम गेला. लोकांच्या मनोगतासाठी राखलेला बहुतेक वेळ मनोगताचं महत्त्व सांगण्यात खर्च झाला. मग संवादसाहेबांनी आत्याकडे हसून पाहिलं.

"ती नवी गोळी घेतल्यापासून मला," आत्या म्हणाली.

"वैयक्तिक तक्रारींसाठी वेगळा कक्ष आहे." (आहे. सध्या त्यात जुनी कपाटं ठेवली आहेत.)

"तक्रार नाही रे. मी काय म्हणते, सकाळी उठले की,"

"आपल्या भावना पोचल्या. वेळेअभावी आपण थेट मतदानाकडे वळू. मसुदा मान्य असेल त्यांनी हात वर करावा."

मेहुणा मोबाइलमध्ये होता. सासऱ्यांचा डोळा लागला होता. बायको चहा का येत नाही ते बघायला गेली होती. आत्या मात्र आपलं वाक्य पुरं करायचंच म्हणून उठली, आणि सभागृह गरगर फिरलं. आधारासाठी तिचा हात वर गेला. फोटोग्राफरने फोटो काढला. दुसऱ्याच क्षणी ती खुर्चीत कोसळली.

संवादसाहेब माईक टाकून धावले, तिला पाणी पाजलं, फायलीने वारा घातला. "अगं, एवढा त्रास होतोय तर बोलली का नाहीस?"

"बोलतच होते की," आत्या म्हणाली.

त्यांना इतकी लाज वाटली की मागाहून चहाबरोबर आलेलं बिस्किट हातात तसंच राहिलं. उद्याच्या उद्या तिला डॉक्टरांकडे न्यायचं आणि तिचं वाक्य पुरं होईपर्यंत तिथून हलायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. अगदी मनापासून ठरवलं.

दुसऱ्या दिवशी मुख्यालयाचा फोन आला. फोटो सर्वांना फार आवडला होता. अहवालाच्या मुखपृष्ठावर तोच येणार होता: हात उंचावलेली आत्या, आणि खाली 'उत्स्फूर्त पाठिंबा'. विभागाची सहमती शंभर टक्के भरली. नियमच तसा आहे: जो बोलला तो सहमत, आणि जो काहीच बोलला नाही तो पूर्ण सहमत, कारण मसुद्यात भर घालण्यासारखं त्याला काही आढळलं नाही. इतर विभागांना हे कसब शिकवायला संवादसाहेबांना तातडीने बोलावून घेतलं.

तिथून त्यांनी आठवणीने घरी फोन केला. "आलो की लगेच जाऊ हं डॉक्टरांकडे."

"बरं. पण मी काय म्हणते,"

"आत्या, ठेवतो. व्यासपीठावर बोलावताहेत."

या जनसंवादात वाचक या घटकालाही सामावून घेतलं आहे. आत्याची गोळी शेवटी बदलली की नाही, हे ज्यांनी इथवर येऊनही विचारलं नाही आणि मध्ये कुठेतरी हसून घेतलं, त्यांची नोंद 'पूर्ण सहमत' अशी केली आहे.