गौरीच्या चिंबोऱ्या

यंदा गौरीला चिंबोऱ्या जिवंतच आणायच्या, असं मी ठरवलं आणि तिथूनच सगळं बिघडलं.

गेल्या वर्षी आमच्या सूनबाईंनी, क्षितिजानं, मोबाइलवरून मागवल्या होत्या. साफ केलेल्या, डब्यात झोपवलेल्या, बर्फानं गारठलेल्या. मी म्हटलं, गौराई माहेराला आलीय, दवाखान्यात नाही. तिच्यापुढं असला थंड मुडदा ठेवणारी मी बाई नव्हे. म्हणून यंदा सकाळीच रिक्षा केली, कशेळीला खाडीवर गेले, आणि कोळणीशी भांडून भांडून नांग्या दोऱ्यानं बांधलेल्या टपोऱ्या काळ्या चिंबोऱ्या (शहरात खेकडे म्हणतात) घेऊन आले.

(मी शाळेत गेलेली नाही. आमच्या राहनाळला गोडाऊनं झाली, ट्रक यायला लागले, तेव्हा ट्रकांच्या मागं लिहिलेलं वाचत वाचत मी अक्षरं शिकले. त्यामुळं माझ्या लिहिण्याला ब्रेक कमी आणि हॉर्न जास्त आहे. वाचणाऱ्यानं बाजूला व्हावं.)

आता आमची रीत सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आम्हा आगऱ्यांच्या घरात गणपती आणि गौरी एकाच मखरात शेजारी बसतात. गणपती शाकाहारी, त्याला मोदक. गौरीला मात्र तिखटाचा नैवेद्य लागतो. आई चिंबोरी खाणार, लेकानं ते बघायचं नाही, म्हणून नैवेद्याच्या वेळी दोघांच्या मध्ये पडदा ओढतात. आईचं जेवण झालं की पडदा सारायचा. देवांच्या घरातसुद्धा असं सांभाळून घ्यावं लागतं, तिथं आपली काय कथा.

आणि नेमकं त्याच दिवशी सुमती जेवायला येणार होती.

सुमती माझी मैत्रीण. आमच्या राहनाळच्या शाळेत बाई होती, माझी पोरं तिच्याच हाताखाली शिकली. बामणाची, भिवंडी शहरात राहणारी. दर वर्षी गौरी-गणपतीला यायची, पाया पडायची, मी पुढ्यात केळी ठेवायचे, ती एक केळं खाऊन उठायची. घरात सासूचं सोवळं इतकं कडक की बाहेरचं पाणीसुद्धा मोजून प्यायची. सासू गेल्या वर्षी गेली. आणि आता सुमती भिवंडी सोडून पुण्याला मुलाकडं, अथर्वकडं, कायमची राहायला चालली होती. तिनं फोन केला, म्हणाली, जायच्या आधी तुझ्या घरी एकदा पोटभर जेवणार, गौरीच्या दिवशीच येते.

मी सांगते, मला गोडाऊनचं भाडं वाढलं तेव्हा झाला नव्हता एवढा आनंद झाला. इतक्या वर्षांची मैत्री आणि माझ्या घरात तिचं ताट कधी मांडलं गेलं नव्हतं. मी नवी पातेली आणली. कांदा-लसूण पोत्यासकट बाहेर काढला. वरण, बटाट्याची भाजी, अळू, खीर असा बेत केला. सुमती दुपारी जेवून गेली की मग चुलीवर चिंबोऱ्या चढवायच्या. तिला वाससुद्धा लागू द्यायचा नव्हता. लागला तर ती ताटावरून उठणार, आणि पुन्हा बसायला येणार कधी? पुण्याहून?

म्हणून चिंबोऱ्या मागच्या पडवीत घमेल्यात ठेवल्या, वर परात पालथी घातली आणि परातीवर वरवंटा ठेवला. सरकारी तिजोरीला नसेल असा बंदोबस्त. (त्याआधी सगळ्यात दांडग्या नराचा दोरा मी स्वतःच्या हातानं सोडला होता. ताजी चिंबोरी कशी झेपावते ते क्षितिजाला दाखवायचं होतं. क्षितिजा मीटिंगमध्ये होती. नर तसाच मोकळा राहिला. हे कंसात सांगतेय, म्हणजे फार लोकांच्या डोळ्यावर येणार नाही.)

सुमती आली ती घरून मोदक घेऊन. डबाभर. ते आरतीला मांडायला मोठं भांडं हवं होतं. तिनं माझ्या नवऱ्याला, केसरीनाथांना, विचारलं. आमचे हे आयुष्यात कधी पाण्याचा तांब्या भरून घेणार नाहीत, पण बाईंनी सांगितलं म्हटल्यावर धावले. पडवीत गेले, वरवंटा उचलून नीट बाजूला ठेवला, परात उचलली, धुतली, पुसली आणि घेऊन आले. परातीखाली काय आहे हे बघायची त्यांची पद्धत नाही. परात मिळाली, काम झालं.

मी तेव्हा नथ घालत होते. मला काय ठाऊक.

आरती सुरू झाली. भाऊबंद, शेजारपाजार, सगळा हॉल भरलेला. यांच्या हातात टाळ, माझ्या हातात घंटा, गावातच दिलेली माझी नणंद गोदू सगळ्यात पुढं, तिचा आवाज पूर्णा गावापर्यंत जातो. सुमती माझ्या शेजारी डोळे मिटून टाळ्या वाजवतेय. माझा ऊर भरून आला. तेवढ्यात गौरीच्या साडीच्या निऱ्या हलल्या. मी मनात म्हटलं, माय, पावलीस.

निऱ्यांतून आधी एक नांगी आली. मग दुसरी. मग तो दांडगा नर बाहेर आला, आणि आडवा आडवा चालत मोदकांच्या परातीकडं निघाला.

सुमतीचे डोळे अजून मिटलेले होते. मी एक पाऊल पुढं टाकलं आणि साडीचा घोळ त्याच्यावर सोडला. झाकला गेला. मी सुटकेचा श्वास घेतला. त्यानं माझा अंगठा घेतला.

आता चिंबोरीनं धरलेला अंगठा ज्यानं अनुभवला नाही त्याला मी काय सांगू. डोक्यात वीज गेली. ओरडायची तर सोय नाही. मी आरतीचा सूर वर नेला. त्यानं आणखी दाबलं, मी आणखी वर नेला. घंटा आपोआप जोरात वाजायला लागली. अंग थरथरायला लागलं, अंबाडा सुटला, मी जागच्या जागी घुमायला लागले.

गोदूनं टाळ्या थांबवल्या. म्हणाली, "माय आली. वयनीच्या अंगात माय आली."

झालं. कुणी हळद आणली, कुणी कुंकू. माझ्या कपाळावर मळवट भरला. ज्या जावेशी माझा बांधावरून वर्षानुवर्षं अबोला, तीसुद्धा पदर पसरून उभी राहिली. आणि आमचे हे सरळ माझ्या पायाशी बसले, हात जोडले आणि म्हणाले, "माय, आमचं काही चुकलं असंल तर सांग."

लग्न झाल्यापासून हा माणूस माझ्याशी इतक्या हळू आवाजात कधी बोलला नव्हता. खरं सांगते, क्षणभर मी अंगठा विसरले. यांच्या चुकांची यादी तोंडाशी आलीच होती, पण साडीखालून आणखी एक कळ आली आणि यांचं डोकं तर घोळापासून वीतभर अंतरावर. हे वाकले तर नाकच जायचं.

मला एकच सुचलं. पडदा ओढला तर मी पडद्याआड होईन, चिंबोरी सोडवीन, कुणाला काही कळणार नाही. मी ओरडले, "पडदा ओढा."

ओरडल्यावर ध्यानात आलं की मी काय बोलून बसले. आमच्या घरात गौरीच्या दिवशी पडदा एकाच कामाला ओढतात.

गोदू उभी राहिली आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाली, "माय तिखट मागते. वयनी, चिंबोऱ्या कुठं हायत?"

(वयनी मीच. आणि माय पण मीच. कोणत्या तोंडानं उत्तर द्यायचं?)

कोणीतरी पडवीत धावलं आणि परत येऊन सांगितलं की घमेलं रिकामं आहे. मग जो गोंधळ उडाला तो विचारू नका. बाकीच्या चिंबोऱ्यांच्या नांग्या बांधलेल्या, पण पाय मोकळे, त्या घरभर पांगल्या होत्या. एक चपलांच्या ढिगात सापडली, एक सोफ्याखाली, एक क्षितिजाच्या लॅपटॉपच्या बॅगेवर बसून होती. माणसं माझ्या पाया पडत होती आणि मधेच उठून चिंबोरीमागं पळत होती.

सुमतीनं डोळे उघडले होते. ती माझ्याकडं बघत नव्हती, माझ्या साडीच्या घोळाकडं बघत होती. शाळेत बाकाखाली बघायची तशी. मग ती खाली बसली, म्हणाली, "पार्वती, पाय हलवू नकोस." घोळ वर केला, मागच्या बाजूनं दोन बोटांत नर अचूक धरला आणि नांगी सैल होईपर्यंत शांतपणे थांबली. मग तो उचलून गोदूच्या हातात दिला.

देवी अंगातून गेली होती, मी एकटीच उरले होते, कपाळभर कुंकू घेऊन. मी सुमतीला म्हटलं, "आता तू जेवणार न्हायस ना?"

ती म्हणाली, "का? शिजायला फार वेळ लागेल का?"

मला वाटलं थट्टा करते. पण तिनं पदर खोचला आणि स्वयंपाकघरात जाऊन खोबरं किसायला बसली. मी हळदीचा लेप लावलेला अंगठा घेऊन चुलीपाशी उभी राहिले आणि जीव ओतून रस्सा केला. पडदा ओढला, गौरीला नैवेद्य दाखवला, आणि गौरीच्या बाजूला पंगत बसली. सुमतीचं ताट माझ्या शेजारी मांडलं. तिनं एक तंगडी उचलली, सांध्यावर दातानं कट्ट केली, दुसऱ्या टोकानं ओढून आतला गर अख्खा बाहेर काढला, आणि कवच ताटाच्या कडेला नीट रचून ठेवलं.

नवखं माणूस असं खात नाही. आमच्या क्षितिजाला अजून जमत नाही.

मी विचारलं, हे कुठं शिकलीस. सुमतीनं गोदूकडं बघितलं. गोदू भाताकडं बघायला लागली.

"दर गौरीला तुझ्याकडून निघाले की गोदूच्या घरी मागच्या दारानं चिंबोऱ्या खायला जायचे," सुमती म्हणाली. "सासूबाईंना कळायला नको म्हणून. तू मेली कधी विचारलंसच नाहीस. पुढ्यात केळी ठेवायचीस. म्हटलं, आता जाण्याआधी तरी गौरीच्याच दिवशी जेवायला येते असं सांगून यावं, म्हणजे हिच्या डोक्यात प्रकाश पडेल. तर तू वरण केलंस."

मी गोदूला म्हटलं, "भवाने, मला कधी सांगितलं न्हायस." तिचं म्हणणं, बाईंनी शपथ घातली होती. इतक्या वर्षांत गोदूनं पोटात ठेवलेली ही एकच गोष्ट, आणि तीही चिंबोरीची.

पण मी रागावले नाही. मला हसू यायला लागलं, मग सुमतीला, मग आम्ही दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. ताट मांडलं गेलं होतं, ती माझ्या शेजारी बसून बोटं चाटत होती, आणखी काय हवं? फक्त एकच गोष्ट राहिली होती. आमच्या राहनाळात माझ्या हातच्या रश्श्याला तोड नाही, हे सगळं गाव मानतं (निदान माझ्यासमोर). तेव्हा मी सहज विचारल्यासारखं विचारलं, की बाई, गोदूच्या हातचं चांगलं की माझ्या?

सुमतीनं वाटी पुसून घेतली. बराच विचार केला. मग माझ्या हातावर हात ठेवला आणि मायेनं म्हणाली, "पार्वती, तुझा भात अगदी मोकळा झालाय हो."

भात क्षितिजानं लावला होता.