डुबक्याची इंटर्नशिप

एका जंगलात एक तळे होते आणि तळ्यावर बगळ्यांचे ऑफिस होते. हसू नका रे! तळे म्हटले की ऑफिस आलेच.

जवळच्या ओढ्यात डुबक्या नावाचे एक तरुण पाणमांजर आपल्या आईबरोबर राहत असे. पोरगा पोहण्यात पटाईत. एक बुडी मारली की मासा घेऊनच वर यायचा. पण ओढा आटत चालला होता आणि तळ्यावर राहायची परवानगी फक्त ऑफिसातल्या नोकरांना आणि त्यांच्या घरच्यांना होती.

"बाळा, तळ्यावर इंटर्नशिप कर," आई म्हणाली. "तिथे चिकटलास तर आपला उन्हाळा निघेल. मोठ्यांकडून मिळेल तेवढं शिकून घे. लाजू नकोस."

डुबक्या गेला. पहिल्याच दिवशी त्याने बुडी मारली आणि एक जाडजूड मरळ मासा आणून मुख्य बगळ्यापुढे ठेवला. त्यांचे नाव धवलसर. सरांनी आधी मासा गिळला, मग ते रागावले.

"पाण्यात उतरलास?"

"मासे पाण्यातच असतात ना, सर?"

"ती जुनी पद्धत. इथे एका पायावर उभं राहायचं आणि डोळे अर्धे मिटायचे. मासा आपणहून आला पाहिजे."

"आणि नाही आला तर?"

"मग मीटिंग घ्यायची."

डुबक्या कामाला लागला. पाणमांजराचे पाय ते केवढेसे! तो सारखा कलंडायचा. बगळे चोचीआड हसायचे. जवळून मासा गेला की त्याची शेपटी आपोआप हलायची आणि मागून सर खाकरायचे. भुकेने जीव कासावीस व्हायचा, तेव्हा आई ओढ्यातला एखादा खेकडा पाठवायची. स्वतः काय खात होती कोण जाणे. डुबक्याने विचारलेही नाही. तो शिकण्यात गर्क होता.

हळूहळू त्याला तोल सांभाळता येऊ लागला. मीटिंगमध्ये तो "मासा येण्याची प्रक्रिया सुरू आहे" असे गंभीरपणे म्हणू लागला. शेवटी तर समोरून माशांचा अख्खा थवा गेला तरी शेपटी हलेना. धवलसरांना भरून आले.

"पोरगा तयार झाला," ते म्हणाले आणि त्यांनी त्याला नोकरीवर घेतले.

निरोप मिळताच आई कोरड्या ओढ्यातून चालत तळ्यावर आली. लेकाला पाहून तिला रडूच फुटले. मग तिने डोळे पुसले.

"राजा, एखादा मासा काढ रे. पोट पाठीला लागलंय."

"बस ना आई. आत्ता काढतो," डुबक्या म्हणाला आणि त्याने एक पाय उचलला.

आई बसली. एक मासा डुबक्याच्या पायाला घासून गेला.

"अरे, आला ना! धर की!"

"असं धरत नाहीत, आई. आधी वरून मंजुरी यावी लागते."

दुसरा मासा गेला. तिसरा गेला. खरे सांगतो मुलांनो, मला त्या माउलीचे फार वाईट वाटते. आणखी किती वाट बघणार बिचारी? तिने सरळ बुडी मारली, मासा वर आणला आणि त्यातला मोठा तुकडा आधी लेकापुढे धरला.

"कोण आहे ती?" धवलसर कडाडले. "पाण्यात उतरली!"

सगळे बगळे माना वळवून बघू लागले. डुबक्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले. आई तुकडा तसाच धरून उभी होती, अंगावरून पाणी निथळत होते.

"माफ करा, सर," तो म्हणाला. "माझी आई आहे. तिला उद्यापासून इंटर्नशिपला घ्याल का?"

तात्पर्य : मुलांनो, इंटर्नशिपचा पुरेपूर लाभ घ्यावा. आधीपासूनच एखादे काम येत असेल तर घाबरून जाऊ नये. मन लावून शिकल्यास तेही जाते.