माझ्या साम्राज्याला टँकर द्या

मी सहसा कुणाकडे काही मागत नाही. हॉटेलात भाजीला मीठ कमी असलं तर 'मीठ द्या' म्हणायचा धीर गोळा करण्यात माझ्या दोन चपात्या जातात. (तोवर भाजी संपते.) असा मी एका परदेशी कंपनीकडे मागणी करायचं ठरवलं, तेव्हाच काहीतरी चुकणार हे मला कळायला हवं होतं.

ही कंपनी मोबाइलवरचा एक खेळ बनवते. त्यात आपण राजा. नदीकाठी गाव वसवायचं, शेती करायची, सैन्य उभं करायचं आणि दोन हजार वर्षांत साम्राज्य वाढवायचं. मी सोलापूरला नवी पेठेत साड्यांच्या दुकानात कामाला आहे. दिवसभर साड्या उलगडायच्या आणि बायका 'उद्या येते' म्हणून गेल्या की घड्या घालायच्या. शाळा नववीत सुटली. अशा माणसाला रिक्षात बसल्या बसल्या सम्राट होता येतं, म्हणून हा खेळ मला आवडतो.

त्या गुरुवारी खेळात पाटी आली, 'पुढच्या भागात तुम्हाला काय हवं?' खाली जगभरच्या लोकांनी मागण्या लिहिल्या होत्या. मोबाइलनं त्या मराठीत करून दाखवल्या. कुणाला आणखी तोफा हव्या होत्या. कुणाला राजवाड्यावर सोन्याचे कळस. आणि एकाला राजाच्या मिशा बदलायची सोय!

मिशा! माझं डोकंच फिरलं. तीन वर्षं मी या खेळातला अन्याय मुकाट्यानं सोसतोय आणि हे लोक मिशा मागतायत?

दुसऱ्या दिवशी आमच्या लेकीचं, पायलचं जावळ होतं. सांगोल्याहून सासुरवाडीची मंडळी, इकडची माणसं, मिळून चाळीस पानं. मी गुरुवारपासूनच सुट्टी काढली होती. माझी बायको दिपाली पायलला कडेवर घेऊन बाजाराला निघाली आणि दारातून परत आली.

"अवो, आज चारला पाणी येतंय. मोटर लावा, टाकी भरा, दोन्ही बॅरल भरा."

"बरं."

"बरं न्हाय. काय करायचं त्ये म्हणून दाखवा."

मी पाढ्यासारखं म्हणून दाखवलं.

"आज न्हाय भरलं तर पाच दिस नळ कोरडा. उद्या माणसं जेवून हात कुटं धुतील?"

"दिपाली, मी काय ल्हान हाय का?"

तिनं पायलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि गेली.

साडेतीन वाजले होते. म्हटलं, अर्धा तास आहे, मागण्या लिहून टाकू. पण टाइप करताना माझं बोट एक अक्षर सोडून शेजारच्यावर पडतं. मोबाइलसमोर बोललं की तो आपोआप लिहितो, तेव्हा बोलायचं ठरवलं. आता, एकट्यानं मोबाइलशी बोलताना गल्लीनं ऐकलं तर काय म्हणेल? मी दार लावलं, खिडकी लावली, वरून चादर डोक्यावर घेतली आणि सुरुवात केली.

"साहेब, नमस्कार. तुमच्या खेळात राजकुमारीचं लग्न एक बटण दाबलं की होतं. हे कसं काय? माझ्या लग्नात तीन बैठका झाल्या. शेवटी टोपी-टॉवेलाचा मान आधी दुसऱ्याला दिला म्हणून माझा चुलता मांडवातून उठून बसस्टँडवर जाऊन बसला. तुमच्या एवढ्या मोठ्या साम्राज्यात रुसणारा एक चुलता नसावा? पुढच्या भागात द्या."

बोलायला लागलो आणि मला कळलं की मी चांगला बोलतो! (ऐकायला कुणी नसलं की.)

"दुसरं. तुमच्यात कापडाचा कारखाना काढला की कापड आपोआप खपतं. कोण घेतं? किती साड्या दाखवल्यावर घेतं? घड्या कोण घालतं? तिसरं, मेंढरं. तुमची मेंढरं हजार वर्षं एकाच चौकोनात चरतात. माझे सासरे मेंढरं घेऊन चार-चार महिने रानोमाळ फिरतात. एका चौकोनात हजार वर्षं चारा पुरतो, हे त्यांना येऊन सांगा!"

मग मी मुख्य विषयावर आलो आणि माझा आवाज चढला.

"आणि पाणी! गाव नदीला चिकटवून वसवलं की संपलं? पाळी नाही, टाकी नाही, भांडण नाही! दुष्काळ पडला की तुम्ही काय दाखवता, तर 'धान्य दहा टक्के कमी'. दोन डाव गेले की पुन्हा हिरवंगार. टँकर कुठंय? रांग कुठंय? पाणी पाहिजे!"

तेवढ्यात दारावर थापा पडल्या. बाहेर शेजारच्या बजाबाई काहीतरी ओरडत होत्या. बजाबाई मांजरालासुद्धा ओरडूनच हाक मारतात. मला वाटलं, माझा आवाज मोठा झाला म्हणून चिडल्यात. मी लाजून चादर आणखी घट्ट ओढली, पण विषय असा होता की गप्प राहवेना.

"होय, पाणी! आत्ताच्या आत्ता पाणी! मी सोडणार नाही!"

थापा थांबल्या.

आणखी बरंच बोललो. टपाल, जत्रा, बैलांच्या शर्यती. चादरीतून बाहेर आलो तेव्हा घामानं भिजलो होतो आणि पाच वीस झाले होते. दार उघडलं. गल्ली ओली होती. प्रत्येकाची पायरी धुतलेली होती. मी धावत जाऊन मोटर लावली. तिनं एकदा घसा खाकरला आणि गप्प झाली.

"बजाबाई, पाणी..."

"गेलं की आत्ता. भरलं न्हवं तुमी?"

"मला सांगायचं तरी!"

"आता बया! दार बडवून सांगितलं की! तुमी आतनं म्हनला, व्हय, पानी, सोडनार न्हाय. मला वाटलं, किती काळजी ह्या मानसाला!"

एवढ्यात दिपाली आली. तिनं कोरडी बॅरलं पाहिली, मग मला. मी खरं ते सांगितलं. (खोटं बोलायला मला फार वेळ लागतो.) तिनं हात पुढे केला. मी मोबाइल दिला. ती मागण्या वाचू लागली आणि एका ठिकाणी थांबून मोठ्यानं वाचलं.

"'रांग कुठंय, पाणी पाहिजे, दादा पाणी आलंय पाणी आलंय मोटर लावा, होय पाणी, आत्ताच्या आत्ता पाणी.'"

मोबाइलनं बजाबाईंनाही लिहून घेतलं होतं!

"तुमच्या फोनाला बी ऐकू आलं," दिपाली म्हणाली. "तुमाला तेवढं न्हाय."

मग तिनं माझ्याच मोबाइलवर बराच वेळ बोटं चालवली, मागण्या पाठवून टाकल्या आणि स्वतःच्या फोनवरून सांगोल्याला फोन लावला. मी टँकरवाल्यांना फोन करत होतो. त्यातल्या एकानं उद्या संध्याकाळी देतो म्हटलं. बाकीच्यांनी उचललाच नाही.

सकाळी आठला गल्लीत पिकअप शिरली. मागे सांगोल्याकडच्या डाळिंबाच्या बागेतली हजार लिटरची टाकी, काठोकाठ भरलेली. तिला टेकून सासरे सिद्धाप्पा उभे होते, फेटा बांधून, मिरवणुकीत निघाल्यासारखे.

"पावणं," ते वरूनच गरजले, "आमच्या सांगोल्याला टँकर येतो म्हणून सगळा जिल्हा हसतो. आज आमी सोलापूरला पानी आनलंय!"

जावळ उत्तम झालं. पायल मामाच्या मांडीवर बसून भोकाड पसरून रडली आणि चाळीस माणसांचे हात धुऊन झाले. प्रत्येकाच्या हातावर पाणी ओतताना सासऱ्यांनी ते कुठून आलं आणि का आलं हे सांगितलं. मी वाढत होतो. चाळीस वेळा ऐकलं.

जेवणानंतर त्यांनी खेळ बघायला मागितला. चष्मा लावून मेंढरं बराच वेळ न्याहाळली.

"हितंच चरत्यात? कायम?"

"व्हय, मामा," मी सासऱ्यांना म्हणालो. "हजार वर्सं."

"ह्ये चूक हाय," सासरे संतापले. "लई चूक हाय! पावण्यांचं बराबर हाय. लिवलं त्ये बेस केलं."

मी अभिमानानं दिपालीकडे पाहिलं. ती भांडी घासत होती, सांगोल्याच्या पाण्यानं.

तीन आठवड्यांनी कंपनीचं उत्तर आलं. मोबाइलनं मराठी केलं. मी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायला घेतलं, ही आणखी एक चूक.

'प्रिय खेळाडू, रुसणारा चुलता आमच्या लक्षात आला नाही. मेंढरांबद्दल दिलगीर आहोत. दादा कोण आहेत आणि त्यांनी मोटर लावली का, हे कळवावे. मात्र तुमची शेवटची सूचना आमच्या सर्वांना फार आवडली. राजा खेळत बसला असेल, तर त्याला न विचारता राज्य राणीच्या ताब्यात द्यावे. पुढच्या भागात ही सोय नक्की देऊ.'

"ही सूचना माझी नाही!" मी म्हणालो.

"न्हायच," दिपाली म्हणाली आणि बजाबाईंना हाक मारून आमच्या मोटरच्या खोलीची किल्ली त्यांच्या हातात दिली.

पुढचा भाग यायला म्हणे दोन वर्षं आहेत. आमच्या घरी तो त्याच दिवशी लागू झाला. पाणी येतं त्या दिवशी माझा मोबाइलही बजाबाईंकडे असतो. कॉलेजात जाणाऱ्या त्यांच्या नातवानं माझं साम्राज्य तेवढ्यात दुप्पट केलंय.