सावेकाकांची दुसरी कंपनी

कुणाच्याही कचेरीत गेले की सावेकाका आधी तिथल्या कॉम्प्युटरवरचा चिप कंपनीचा स्टिकर नखाने उचकटून काढतात. परवानगी वगैरे विचारत नाहीत. "आता बोला," म्हणतात, "नाव चालतं की मशीन?"

डहाणू रोडला स्टेशनजवळ त्यांचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. मी मसोलीच्या फुग्यांच्या कारखान्यात खरेदी बघतो, त्यामुळे हा प्रश्न दर आठवड्याला माझ्यावर आदळतो.

चिप म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू. बनवणाऱ्या कंपन्या दोन. एक जुनी, जिचं नाव आमच्या शिपायालाही पाठ. दुसरी मागून आलेली, काकांच्या मते जास्त वेगवान आणि कमी तापणारी. पण कचेऱ्या डोळे मिटून जुनीच घेतात. उद्या काही बिघडलंच, तर "नावाजलेली घेतली होती" असं सांगून हात झटकता येतात. ह्या वाक्याने काकांचं डोकं फिरतं. ही खरेदी नव्हे, पळपुटेपणा आहे, असं ते खरेदीखात्यात बसूनच ऐकवतात.

तळासरीच्या एका पतसंस्थेत त्यांनी दोन मशिनं नावं झाकून ठेवली. सगळ्यांनी पंधरा दिवस वापरून चांगलं कुठलं ते सांगायचं. सगळ्यांनी एकच निवडलं. कागद काढला तर ते दुसऱ्या कंपनीचं. संचालकांनी काकांना चहा पाजला, कौतुक केलं आणि ऑर्डर जुन्या कंपनीची दिली. परतताना काका आशागड येईपर्यंत रिक्षावाल्याला दोन्ही कंपन्यांचा इतिहास ऐकवत होते. शेवटी तो बिचारा गुजरातीत म्हणाला, "काका, मारे तो रिक्षा ज चलाववानी छे." मला तर रिक्षाच चालवायचीय!

यंदा आमच्या कचेरीतली सगळी मशिनं बदलायची होती. काकांनी नमुन्याला दिलेलं मशीन महिनाभर उत्तम चाललं. मलाच लाज वाटायला लागली. मी त्यांना बोलावून सांगितलं की ह्या वेळी तुमचीच कंपनी, साहेबांचं मी बघून घेईन.

मला वाटलं, आनंदाने टेबल बडवतील. त्यांनी कागदावर आणखी कुणाची सही असते का, एवढंच विचारलं. माझ्या एकट्याचीच, मी म्हणालो.

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा सांगितलं. दुकान काढण्याआधी ते उधव्याजवळच्या एका कारखान्यात माझ्याच खुर्चीवर होते. त्यांनी हट्टाने दुसऱ्या कंपनीची मशिनं घेतली. एका उन्हाळ्यात विजेचा दाब वाढला आणि सगळी जळाली. दोष वायरिंगचा होता. पण ठपका चिपवर आला आणि चिपवरून सहीवर. काकांना घरी बसावं लागलं.

"मशीन चांगलं होतं," ते म्हणाले.

मग माझ्यापुढचं कोटेशन त्यांनी ओढून घेतलं, दुसऱ्या कंपनीचं नाव खोडलं आणि वर जुन्या कंपनीचं लिहिलं. मी अडवायला गेलो.

"तुमची धाकटी बारावीला आहे ना," मान वर न करता ते म्हणाले. "ह्याच्यावर करा सही."

मी केली.