बाणूच्या जावळाला जर्मनीचा बर्फ

"आई, विमानतळावर आलोय," म्हाळू फोनवर म्हणाला, आणि भामाबाईनं भाकरी तव्यावर तशीच सोडून आरोळी ठोकली, "रतन, ताट आण गं! तळी उचला! तुझा भाऊ आला!"

म्हाळू आला होता तो जर्मनीतल्या विमानतळावर. पण भामाबाईचं गणित सरळ होतं. नेकनूरच्या स्टँडवर माणूस उतरला, की फाट्यापर्यंत जीप, फाट्यापासून पायवाट, आणि चुलीवरच्या चहाला उकळी फुटायच्या आत तो अंगणात. उभ्या जन्मात स्टँडवर आलेला माणूस घरी पोचला नाही, असं तिनं पाहिलं नव्हतं. विमानाचा स्टँड जरा लांब, एवढाच काय तो फरक. "बर्फ पडायलाय, विमान सुटतंय का बघू," असंही म्हाळू म्हणाला होता. पण वाट बघून थकलेल्या आईला पोराचं अर्धंच वाक्य ऐकू येतं.

झालं. देवापुढं भंडारा उधळला, "येळकोट येळकोट" करत पाच जणांनी तळी उचलली आणि रतनची तिसऱ्या वर्षातली बाणू डोक्यापासून पायापर्यंत पिवळी झाली. नाताळच्या सुट्टीत म्हाळू येणार, भाचीला मांडीवर घेणार आणि तिचं जावळ निघणार, असा बेत होता. त्यासाठी रतनचं सासर आष्टीकडून टेम्पो भरून आलं होतं. आता या कुळाची रीत अशी, की जावळासाठी एकदा तळी उचलली आणि लेकराला भंडारा लागला, की केस उतरल्याशिवाय कुणी वस्तीची शीव ओलांडायची नाही. ओलांडली तर देव पाठीमागून येतो म्हणतात.

दुसऱ्या दिवशी म्हाळूचा फोन आला. बर्फानं धावपट्टी बुजली होती, सगळी विमानं जागच्या जागी उभी होती आणि माणसं बॅगा उशाला घेऊन जमिनीवर पडली होती. त्यानं एक फोटोही धाडला. फोन अंगणभर फिरला.

"हे समदं पांढरं काय हाय?" रतनच्या सासऱ्यानं, रामकिसननं विचारलं.

"बर्फ हाय मामंजी," रतन म्हणाली.

"म्हंजी पाणीच की!"

त्या साली पावसानं पाठ फिरवली होती, विहिरींचे तळ दिसत होते आणि वस्तीवर टँकर येईल तेव्हा येत होता. एवढं पाणी नुसतं रस्त्यावर पडलेलं पाहून माणसांचा जीव हळहळला.

"आन् तेवढं ओढायला मानसं न्हाईत व्हय तिकडं?" धोंडीराम न्हावी वस्तरा पुसत म्हणाला. "आपली एक ऊसतोड टोळी धाडा. सांजच्याला रस्ता मोकळा करून, वाढ्याच्या मोळ्या बांधाव्या तसा बर्फ बांधून मोकळी हुईल."

"येताना एक टँकर भरून आण म्हनावं," दूध संस्थेचे चेअरमन सुंदरराव बोलले. संस्थेची चारा छावणीही तेच चालवत, त्यामुळे कुठंही काही फुकट पडलेलं दिसलं की ते आधी त्याच्या वाहतुकीचा विचार करत.

सगळे हसले. भामाबाईही हसली. पण फोन परत हातात आल्यावर तिनं फोटोतल्या त्या पांढऱ्यात बराच वेळ म्हाळूला शोधलं. तो त्यात नव्हता. त्यानंच तर फोटो काढला होता.

मग पाहुणे राहिले. राहणं त्यांना भागच होतं. टँकरचं पाणी घरटी मिळायचं, आणि भामाबाईच्या घरात एरवी माणूस एक. शेजारणींनी आपापल्या वाट्यातली घागर-घागर दिली; ती आमटीला, चहाला आणि पाहुण्यांचे पाय धुण्यात संपली. मग पाय धुणं बंद झालं. नंतर अंघोळी बंद झाल्या. बाणूचा भंडारा तर धुवायचाच नव्हता. ती जिथं टेकेल तिथं पिवळा ठसा उमटवत फिरत होती. केस तिचे कमरेच्या खाली आलेले. त्यात भंडारा, धूळ आणि भाकरीचा चुरा असा काही बसला होता, की कोंबड्या तिच्या मागंमागं फिरायच्या.

देवाला सोडलेला बोकड दारात बांधला होता. तोही एका दिवसापुरताच आणलेला. त्यानं आधी मांडवाचे आंब्याचे डहाळे खाल्ले, मग म्हाळूच्या सत्काराचा हार खाल्ला आणि मग रात्रंदिवस ओरडायला लागला. सुंदररावांकडे छावणीतला चारा मागितला, तर ते म्हणाले, "भामाकाकू, छावणी गाईगुरांची. बोकडाच्या कानाला बिल्ला न्हाई. उद्या तपासणी आली तर मी त्याला काय वासरू म्हणून दावू?"

शेवटी सिदूनं शिवेपर्यंत जाऊन बाभळीचा पाला आणला. सिदू म्हणजे भामाबाईच्या दिराचा पोरगा, शेळ्या राखणारा. दुष्काळात त्याच्या निम्म्या शेळ्या बाजारात गेल्या होत्या, पण तोंडाला हसू होतं. पाणी तो भरत होता, पाहुण्यांच्या बाजा तो टाकत होता.

रामकिसन बोकडाकडे बघत म्हणाला, "ह्याला खाऊ घालायचं का ह्याला खायाचं, तेवढं एकदा ठरवा बुवा."

रतनची सासू बायडाबाई मात्र विनोदाच्या पलीकडे गेली होती. "ईनबाई, तुमचं लेकरू इमानात बसंना, आन् माझी म्हैस तिकडं शेजारणीला लाथा हानायली. कवर बसायचं आमी?"

"येतंय की वो. बर्फ काय जलमभर पडतो का?"

"आवो, सिदूला बसवा की मांडीला. चुलत मामा मामा नसतो का? आमी तर दोन वर्सं झालं तेच म्हनतोय."

"सख्खा जित्ता असताना चुलत कावून बसवायचा?" भामाबाई कडाडली. सिदू तिथंच पाण्याची घागर उतरवत होता. घागर त्यानं फार हळू टेकवली.

खरी गोष्ट भामाबाईच्या पोटात होती. चुलत मामा चालतो हे तिला ठाऊक होतं. पण म्हाळू मागं आला होता तो बापाच्या दहाव्याला, तेव्हा रतनचं लग्नही व्हायचं होतं. त्यानंतर प्रत्येक दिवाळीला तो "येतो" म्हणायचा आणि दिवाळी त्याच्याशिवाय जायची. बाणू झाली तेव्हा भामाबाईला एक दोर सापडला. 'मामा येईस्तोवर हिच्या केसाला हात लावायचा न्हाई,' असं तिनं सगळ्यांदेखत सांगून टाकलं. पोरीचे केस वाढत गेले तसं तिला वाटायचं, दोर लांब होतोय. आता पोचेल जर्मनीपर्यंत. पण तिसरं वर्ष सरत आलं होतं आणि चौथ्या वर्षात जावळ काढत नाहीत.

तिला तिचा स्वतःचा भाऊ आठवे. म्हाळूच्या जावळालाही असाच कोरडा हंगाम होता. भाऊ मेंढरं घेऊन दूर चारणीला गेला होता. निरोप मिळाला तसा मेंढरं दुसऱ्याच्या हवाली करून चालत निघाला. आला तेव्हा पायताणाचा नुसता अंगठा उरला होता. अंगणात पाऊल टाकल्याबरोबर त्यानं पाणीसुद्धा मागितलं नाही; म्हाळूला उचललं, मांडीवर घेतलं आणि तसाच बसल्या बसल्या झोपी गेला. न्हाव्यानं जावळ काढलं, म्हाळू रडून रडून थांबला, तरी मामा जागा झाला नव्हता. भाऊ जाऊन किती तरी काळ लोटला. पण मामा म्हटलं की भामाबाईच्या डोळ्यांपुढं तो झोपलेला माणूसच यायचा.

आणि म्हाळूचे फोन तुटक होत गेले. "आई, विमानतळावरून खोलीवर आलोय... बर्फ हाय अजून... गर्दी लई हाय, जागा मिळाली की सांगतो." आधी तो आपणहून करायचा, मग रतनला लावावा लागायचा.

शेवटी सुंदररावांनीच तोड काढली. "मामा बर्फात, भाची इथं. मामाला फोनवर दाखवा. सिदूनं नुसती मांडी द्यायची. मांडी सिदूची, मामा म्हाळू. देवाच्या घरी चालतंय."

"देवाचं तुमाला काय ठावं?" भामाबाई म्हणाली.

"संस्थेत न्हाई का आपल्या? सभा एकाच्या घरी, अध्यक्ष दुसराच, आन् सही तिसऱ्याची. चाललंय की एवढी वर्सं."

बायडाबाईनं लगेच पदर खोचला. भामाबाईनं देवाकडे पाहिलं. मग म्हणाली, "त्याचं त्वांड दिसंल ना त्यात? हालतं-बोलतं?"

"हालतं-बोलतं!"

"मंग चला."

पण वस्तीवर फोनची रेंज यायची ती रुसलेल्या जावयासारखी, उंबऱ्यापर्यंत. तोंड दिसेल इतकी रेंज एकाच जागी होती: दूध संस्थेच्या इमारतीच्या गच्चीवर. त्यामुळे भर दुपारी सगळी वरात जिन्यानं वर चढली. पुढं धोंडीराम न्हावी, मागं बाणू, तिच्यामागं आष्टीचा सगळा टेम्पो. बोकडालाही वर न्यावं लागलं, कारण देवाचा मानकरी हजर पाहिजे. तो मधल्या पायरीवर अडला. रामकिसननं पुढून ओढलं, सिदूनं मागून ढकललं, आणि जिन्यात अडकलेल्या बायकांनी दोघांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

वर गेल्यावर धोंडीरामानं वाटी पुढं केली. "डोकं भिजवायला पानी."

पाणी नव्हतं. टँकर आला नव्हता. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"खाली दूध हाय," सुंदरराव म्हणाले, आणि बोलल्यावर त्यांचं त्यांनाच वाईट वाटलं. "असंल. थोडंच. गाई आटल्यात."

वाटीभर दूध वर आलं. गेल्या दुष्काळातही अशी वेळ आली नव्हती, असं कुणी तरी पुटपुटलं. धोंडीरामानं ते बाणूच्या टाळूवर चोळलं तशी ती जीभ बाहेर काढून ओघळ चाटायला लागली. सिदू पाय पसरून बसला. बाणूला त्यानं मांडीवर घेतलं. भामाबाईनं सिदूला खेटून बसून फोन दोन्ही हातांत धरून पोरीच्या तोंडासमोर केला. लाल खूण दाबली की बंद, हिरवी दाबली की चालू, एवढं तिला रतननं शिकवलं होतं.

आणि म्हाळू दिसला.

गाल भरले होते. कानाजवळ पांढरे केस होते. भामाबाई एवढंच म्हणाली, "जेवलास का?"

"हो आई. आत्ताच चहा झाला. इथं सकाळ हाय." त्यानं बाणूला हात हलवला. बाणूनं त्याला दुधाची जीभ दाखवली.

"आन् बर्फ?"

"हाय आई अजून. लई हाय. बाहेर पडताच येईना." बोलताना तो दुसरीकडे बघत होता.

धोंडीरामानं वस्तरा लावला. पहिली बट सिदूच्या मांडीवर पडली. येळकोटाचा गजर झाला, बोकड ओरडला, बाणूनं भोकाड पसरलं. सगळ्यांचे डोळे पोरीवर होते. भामाबाईचे डोळे फोनवर होते.

म्हाळूच्या पाठीमागं खिडकी होती. खिडकीत ऊन पडलं होतं. चांगलं लख्ख, पिवळंधमक. समोरच्या घराचं छप्पर कोरडं होतं. रस्त्यावरून एक बाई लेकराला सायकलवर घेऊन चालली होती. आणि त्या छपराच्या वर, निळ्या आभाळात, एक विमान शांतपणे वर वर चढत होतं.

भामाबाईनं ते खिडकीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाताना पाहिलं. विमान लहान दिसत होतं. इतकं लहान, की त्यात माणसं बसतात हे कुणी सांगितल्याशिवाय कळू नये.

तिनं म्हाळूकडे पाहिलं. त्याला कळलं, की आईला दिसलं. त्याचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. लहानपणी मेंढरू हरवून घरी आला की असाच उभा राहायचा.

"म्हाळू! ए म्हाळू!" पाठीमागून सुंदररावांचा आवाज आला. "चेअरमन बोलतोय बे! जरा खिडकीकडं धर की फोन. आमाला बर्फ दाव!"

"व्हय व्हय, बर्फ दावा!" बायडाबाई पुढं सरकली. "सरका ईनबाई, बघू तरी काय हाय असलं, ज्याच्यापायी आमी इथं वाळलो!"

सगळी गच्ची फोनकडे वळली. धोंडीरामही वस्तरा हातात धरून वाकला.

भामाबाईनं अंगठा उचलला आणि लाल खुणेवर दाबला.

"आगं बया, गेलं?" बायडाबाई म्हणाली.

"गेलं," भामाबाई म्हणाली. "तिकडं बर्फ वाढला. लाईन तुटली."

"आता दिसत हुता की चांगला!" सुंदररावांचा विश्वास बसेना. "खरंच पडतोय का वो काकू अजून?"

भामाबाई फोन पदरात गुंडाळायला लागली. तेवढ्यात सिदू बोलला. बाणू त्याच्या मांडीवर होती आणि फोन त्याच्या नाकासमोर होता. सगळ्या गच्चीत त्या खिडकीत डोकावलेला दुसरा माणूस तोच.

"व्हय," सिदू बाणूच्या मानेवरचे केस झटकत म्हणाला. "मी बी बघितला ना. गुडघ्याएवढा हाय."