रोह्याला पोचलेले चार गणपती

चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळी पेणहून टेंपो आला आणि रोह्याच्या महिपतरावांच्या ओटीवर चार गणपती उतरवून निघून गेला. महिपतरावांनी सांगितला होता एकच. त्यांच्या पत्नी शांतीबाई ओवाळायला तबक घेऊन आल्या, आणि आधी कुणाला ओवाळायचं ते न कळून उंबऱ्यातच थांबल्या.

नीट पाहिल्यावर आणखी एक घोटाळा दिसला. एकाचा पितांबर सांगितल्यासारखा पिवळा, पण उंची दीड फूट. दुसरा मखरात बसेल असा पंधरा इंची, पण पितांबर लाल. तिसऱ्याचा उंदीर बरोबर डावीकडे, बाकी सगळं चुकलेलं. चौथ्यात तर सांगितलेलं काहीच नव्हतं. गणपती चार, पण महिपतरावांचा त्यात एकही नाही.

फोन गेला तसे मूर्तिकार दाजी रंगाचे डबे घेऊन स्वतः रोह्याला आले. पंधरा इंची मूर्तीचा पितांबर त्यांनी ओटीवर बसूनच पिवळा केला, उंदीर डावीकडे नेला आणि हात जोडून उरलेले तिघे परत नेले. उशिरा जागी होणारी गिऱ्हाइकं पेणमध्ये दरवर्षी असतातच.

कारखान्यात परतल्यावर त्यांनी मुलीला गाठलं. मृणाली पनवेलला कंप्युटर शिकली होती आणि यंदा ऑर्डरींचा प्रोग्रॅम तिनेच लिहिला होता. महिपतरावांचे फोन चार आले होते: एक मूर्ती सांगायला, बाकीचे पितांबर, उंची आणि उंदरासाठी. प्रत्येक वेळी तिने नाव टाइप केलं, प्रत्येक वेळी कंप्युटरने नवी चिठ्ठी छापली आणि कारागिरांनी चिठ्ठीबरहुकूम मूर्ती केली.

तिने वडिलांना समजावलं, की चूक कन्स्ट्रक्टरची, म्हणजे प्रोग्रॅममधल्या वस्तू घडवणाऱ्या भागाची. त्याला हाक मारली की तो नवी वस्तू घडवून मोकळा होतो. जे सांगितलं नसेल ते आपल्या मनाने भरतो. त्याच्या जागी फॅक्टरी मेथड हवी. ती आधी बघते, या नावाची वस्तू आहे का. असली तर तीच हातात देते, नसली तरच नवी घडवते.

"फॅक्टरी तर माझी सत्तर सालापासून हाय," दाजी म्हणाले. "तिला इचारायचं व्हतंस."

मृणालीने प्रोग्रॅम बदलला. पुढच्या वर्षी महिपतरावांनी धास्तीने पाच फोन केले. पाचही वेळा तिला त्यांची एकच नोंद सापडली. पितांबर पिवळा, उंची पंधरा इंच, उंदीर डावीकडे. काही बदलावंच लागलं नाही. पाचही वेळा तिने त्यांना निर्धास्त राहायला सांगितलं.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी दुपार झाली तरी रोह्याला टेंपो आला नाही. महिपतरावांनी सहावा फोन केला. मृणालीने पडद्यावर पाहिलं.

"काका, इथे तर मूर्ती पोचली असं दिसतंय."

"पोचली ना," महिपतराव शांतपणे म्हणाले. "गेल्या वर्षी. दीड दिवसांनी कुंडलिका नदीत सोडली आम्ही."

मृणालीने नोंदीची तारीख पाहिली. कंप्युटरने नोंद शोधली होती, ती सापडली होती, म्हणून नवी चिठ्ठी छापलीच नव्हती.

दाजींनी शेजारी उभं राहून सगळं ऐकलं. मग फळीवरची एक पंधरा इंची मूर्ती उतरवून घेतली, पिवळ्या रंगाचा डबा पिशवीत टाकला आणि एस. टी. गाठायला निघाले. दारात थांबून मागे वळले.

"घडवायचं शिकवलंस त्याला, शोधायचं पण शिकवलंस," ते म्हणाले. "आता जरा विसर्जन पण शिकव गो."