सेतुरावांची शिफारस

मे महिन्यात चेन्नईच्या वेलचेरीत आम्ही अंगावर जेवढं कमी ठेवता येईल तेवढं कमी ठेवतो. अशाच एका मे महिन्यात, सकाळी साडेदहाला, आमच्या वरच्या मजल्यावरचे सेतुराव कोपरापर्यंत लोकरीचे हातमोजे घालून जिन्यात उभे होते. खाली पांढरी वेष्टी, वर बनियन आणि हातांना ते जाडजूड मोजे. त्या अवतारात ते कुलपात किल्ली फिरवायच्या खटपटीत होते. घामाने बनियन अंगाला चिकटला होता. मी मदतीला पुढे झालो तर त्यांनी कोपरानेच मला मागे सारलं.

"राहूं द्या पाटणकर सार. मोजे घालून किल्ली फिरते कीं नाहीं, तें पाहातों आहें. फिरली नाहीं तर तसें लिहावें लागेल."

अकराव्या मिनिटाला किल्ली फिरली. सेतुरावांनी मोजे काढले, घड्याळ पाहिलं, वहीत टिपून घेतलं आणि मला म्हणाले, "बारीक किल्लीला उपयोगीं नाहींत. मोठ्या किल्लीला बरे."

ही माहिती अमेरिकेतल्या लोकांसाठी होती. सेतुराव अंबत्तूरच्या एका कारखान्यात स्टोअर्समध्ये होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरी संगणक घेतला, इंटरनेट घेतलं आणि ॲफिलिएटचा धंदा सुरू केला. म्हणजे असं, की आपली एक वेबसाइट काढायची, तिच्यावर दुसऱ्याच्या मालाबद्दल लिहायचं, आणि ते वाचून कोणी माल घेतला की विकणारी कंपनी आपल्याला कमिशन धाडते. सेतुरावांनी विषय निवडला बर्फातल्या कपड्यांचा. तिरुपतीच्या उत्तरेला हा माणूस कधी गेला नव्हता. बर्फ त्यांनी पाहिला तो रसवंतीवाल्याच्या गोणपाटाखाली.

पण सेतुराव म्हणजे जन्माचे स्टोअरकीपर. हात लावल्याशिवाय आलेला एक नटसुद्धा त्यांनी कधी ताब्यात घेतला नव्हता. त्यामुळे ज्या वस्तूबद्दल लिहायचं ती आधी स्वतःच्या पैशाने मागवायची, वापरायची आणि मग लिहायचं. बर्फातले बूट आले तेव्हा त्यांनी रसवंतीवाल्याकडून बर्फाची अख्खी लादी आणून बादलीत फोडली आणि पायात बूट चढवून त्यात पाऊण तास उभे राहिले. पाणी जिन्यावरून खाली आलं. सोसायटीच्या सेक्रेटरीने तक्रार केली तेव्हा, "डाव्या पायाचा आंगठा ओला झाला आहे, तुम्हांस पाहायचा कीं?" असं म्हणून त्यांनी पाय पुढे केला. सेक्रेटरी परत गेले. 'डावा अंगठा ओला होतो' हे वाक्य वेबसाइटवर चढलं, आणि नवल म्हणजे ते बूट पुष्कळ खपले.

सेतुराव मराठी, पण तंजावरकडचे. त्यांचे पूर्वज तीनेकशे वर्षांपूर्वी दक्षिणेत उतरले. मी मूळचा सोलापूरचा, केंद्र सरकारच्या नोकरीत बदली होऊन चेन्नईला आलो. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याशी मराठीत बोलायला सुरुवात केली, तेव्हा एखादी जुनी बखर तोंड उघडून बोलतेय असं मला वाटलं. माझ्या मराठीला मात्र ते बिनधास्त नावं ठेवत. "तुमची मराठी फार घाईची, सार," असं म्हणत.

बँकेच्या बाबतीत तर त्यांचा कोणावरच विश्वास नव्हता. सायबर कॅफेत पासवर्ड टाइप करताना माणसाने पंचा अंगावर नव्हे, कीबोर्डवर घ्यावा, असा त्यांचा आग्रह असे. स्वतःचे सगळे पासवर्ड त्यांनी एका वहीत लिहून ठेवले होते, आणि ती वही टेबलावर उघडी पडलेली असे. मी काळजीने बोलून दाखवलं तेव्हा त्यांनी वही माझ्यासमोर धरली. सगळं मोडी लिपीत. ती त्यांच्या आजोबांनी त्यांना लहानपणी शिकवली होती. चेन्नईतल्या चोराला ती वही वाचायची तर आधी कुठल्या तरी दफ्तरखान्यात नोकरी धरावी लागली असती.

आणि कोणीही कशाचंही कौतुक करायला लागलं, मग ते हॉटेल असो, डॉक्टर असो की विम्याची पॉलिसी असो, की सेतुरावांचा एकच प्रश्न ठरलेला. "वापरून पाहिलांत कीं?" बोलणारा निम्म्या वाक्यात गप्प होई. मीही दोनचारदा झालो होतो. मला हा माणूस तेव्हा गमतीचा वाटायचा. संताप आला तो नंतर.

झालं असं की आमच्या ऑफिसातल्या मुरुगेशनने एक योजना आणली. इंटरनेटवर रोज वीस जाहिराती उघडायच्या, त्याबद्दल महिन्याला डॉलर मिळायचे. सभासद व्हायला मात्र आधी मोठी रक्कम रोख भरायची. मुरुगेशनला तीन महिने पैसे मिळाले होते. ते मी डोळ्यांनी पाहिले होते. त्याच्या हाताखाली सभासद झालात तर त्यालाही वर काही मिळणार होतं, पण ते त्याने लपवलं नव्हतं.

माझ्याकडे एकच रक्कम होती. गौरीच्या, माझ्या मुलीच्या, इंजिनीअरिंगसाठी ठेवलेली मुदत ठेव. ती अकरावीत होती. दीड वर्षात पैसे दुप्पट होतील आणि मग कुठल्याही कॉलेजच्या दारात ताठ मानेने उभा राहीन, असा माझा हिशेब. बायकोने साफ नाही म्हटलं. मी म्हटलं, तुला त्यातलं काही कळत नाही. हे वाक्य बोलल्याची लाज मला अजून वाटते.

ती माझ्याशी भांडली नाही. ती वर गेली आणि सेतुरावांना सांगून आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेतुराव दारात हजर. मी त्यांना बोलूच दिलं नाही. "हो, मुरुगेशनने वापरून पाहिलंय," मी आधीच म्हणालो.

"त्याला पैसे मिळाले ते वापरल्याचे नव्हेत. सांगितल्याचे," सेतुराव म्हणाले. "मी या धंद्यांतला आहें, सार. जो सांगतो त्याला कमिशन. जो ऐकतो त्याला माल. माझे ऐकणारास निदान बूट तरी मिळतो. तुम्हांस काय मिळणार?"

मी दार लावून घेतलं.

योजनेत शिरायची मुदत सोमवारी संध्याकाळी संपत होती. मी शुक्रवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून साडेबाराला बँकेत पोचलो. आमच्या शाखेत ठेवी मोडायचं आणि परदेशी चेक घ्यायचं टेबल एकच. टेबलामागे नुकतीच लागलेली एक गरीब स्वभावाची मुलगी. आणि टेबलासमोरच्या खुर्चीत, इस्त्रीचा शर्ट घालून, सेतुराव.

त्यांच्यापुढे अमेरिकेतून आलेले चार महिन्यांचे चार चेक होते. एवढ्या दिवसांत भरले का नाहीत, असं त्या मुलीने विचारलंही. सेतुरावांनी त्याचं सविस्तर उत्तर दिलं. मग प्रत्येक चेकचा वेगळा फॉर्म मागितला. फॉर्म भरायला स्वतःचं शाईचं पेन काढलं. शाई वाळेपर्यंत पान उलटायचं नाही, म्हणून वाट पाहिली. डॉलरचा आजचा भाव विचारला, तो कालच्यापेक्षा कमी का हे विचारलं. चेक टपालाने जाणार की कुरिअरने, वाटेत हरवला तर तक्रार कोणाकडे करायची, ती तमिळमध्ये केलेली चालते का, हेही विचारलं. एक वाजला, सव्वा वाजला. मी मागे उभा राहून घसा खाकरत होतो. त्यांनी एकदाही मागे पाहिलं नाही.

दीड वाजता ते म्हणाले की निवृत्तीनंतर आपली सही बदलली आहे, तेव्हा नव्या सहीचा नमुना घ्यावा. मुलीने कार्ड आणलं. तीन सह्या झाल्या. मग ती म्हणाली, ओळख द्यायला दुसरा खातेदार लागेल.

तेव्हा सेतुराव पहिल्यांदा मागे वळले. "हे आहेत ना. पाटणकर सार. शेजारी."

आणि मी सही केली. भर बँकेत शेजाऱ्याला ओळखत नाही असं कसं म्हणणार? माझीच वाट अडवायला मी माझ्याच हाताने सही केली, आणि खाली खाते क्रमांकही घातला. तेवढ्यात दोन वाजले आणि रोखीची खिडकी बंद झाली. सेतुरावांनी पेनाला टोपण लावलं.

फुटपाथवर मी त्यांना नको नको ते बोललो. रिकामटेकडे म्हणालो, दुसऱ्याचं बरं न पाहवणारा म्हातारा म्हणालो. येणारे-जाणारे थांबून पाहत होते. सेतुराव उन्हात छत्री न उघडता उभे होते.

"मोठ्यानें रागवा," ते म्हणाले. "पण ठेव मोडूं देणार नाहीं."

"तुमचा काय संबंध?"

"शेजारी आहें. आत्तांच तुम्ही सही केलीत."

शनिवारी-रविवारी बँकेला सुट्टी होती. सोमवारी मी बँक उघडायच्या वेळेला गेलो. सेतुराव त्याच खुर्चीत होते. मांडीवर पोळीचा डबा होता आणि समोर लॉकरच्या नियमांबद्दलचा चार पानी अर्ज. मॅनेजर त्यांना उठा म्हणत होते आणि ते उठत नव्हते. मी दारातूनच परतलो. मुदत संपली.

त्यानंतर चार महिने मी त्यांच्याशी बोललो नाही. मुरुगेशनने नवी मोटारसायकल घेतली, ती रोज ऑफिसात माझ्या खिडकीखाली लावायचा. ती पाहिली की मला सेतुराव आठवायचे आणि जेवण गोड लागायचं नाही.

पाचव्या महिन्यात ती वेबसाइट उघडेनाशी झाली. कंपनीच्या ऑफिसला कुलूप, बाहेर माणसांची गर्दी. मुरुगेशनने मिळालेले सगळे पैसे पुन्हा त्यातच घातले होते, आणि त्याच्या मेहुण्याचेही. तो आठवडाभर ऑफिसला आला नाही. आला तेव्हा बसने आला. त्याच्याकडे पाहताना मला आनंद झाला नाही. त्याच्या जागी मीही असतो; नव्हतो, एवढाच फरक होता, आणि तो फरक एका म्हाताऱ्याने खुर्चीत बसून केला होता.

संध्याकाळी बायकोने शंकरपाळ्यांचा डबा हातात दिला आणि मला वर धाडलं. सेतुरावांनी डबा घेतला. मी माफी मागायला लागलो तर हात हलवून मला गप्प केलं.

"एक काम कराल कीं? रविवारीं माझ्यासवें अण्णा नगरास चला. माझी अक्का तेथें राहाते. तिला सांगा, सेतूनें एकास अडवलें म्हणून. आमच्या धंद्यांत वापरलेल्यानें बोलावें लागतें. मी सांगून चालायचें नाहीं."

मग त्यांनी सांगितलं. कारखान्यात असताना ते फावल्या वेळात एका फंडाच्या ठेवी गोळा करत. अक्काचे यजमान वारले, त्यांचा प्रॉव्हिडंट फंड आला, ते पैसे सेतुरावांनी तिला त्या फंडात ठेवायला लावले. तो ठेवींचा फंड बुडाला. "प्रत्येक नट तपासून घेणारा मी. त्या फंडाचें ऑफिस एकदांही आंत जाऊन पाहिलें नाहीं. कमिशन मात्र घेतलें." अक्का तेव्हा एकच वाक्य बोलली होती, 'तूं सांगितलेंस म्हणून ठेवले.' त्याला नऊ वर्षं झाली होती. नऊ वर्षांत अक्काने आपल्याला घरात घेतलेलं नाही, असं ते म्हणाले.

रविवारी आम्ही बसने अण्णा नगरला गेलो. इमारतीसमोरच्या चहाच्या दुकानापाशी सेतुराव थांबले. "दुसरा मजला. मी येथेंच आहें." मी एकटाच वर गेलो.

अंबुजाक्का बाल्कनीच्या दारात पाट घेऊन सांबाराचे बारके कांदे सोलत बसल्या होत्या. पंचाहत्तरीच्या, किरकोळ अंगाच्या, पण नजर कडक. मी कोण ते सांगितलं आणि बँकेतली हकीकत पहिल्यापासून सांगितली. चार चेक, शाईचं पेन, बदललेली सही. मी स्वतः सही केली तिथे त्यांच्या हातातला कांदा थांबला. गौरी आता बारावीत आहे आणि तिचे पैसे जागेवर आहेत, हेही सांगितलं.

"मग तुम्ही त्याच्याशीं किती दिवस बोलला नाहींत?"

"चार महिने."

"चारच?" अक्का म्हणाल्या. त्यांनी दोन कांदे सोलले. "पैसे गेले त्याचें मी रडून घेतलें. तें सरलें. पण हा वर येत नाहीं. दर आदितवारीं त्या दुकानापाशीं येऊन उभा राहातो. तासभर उभा राहातो आणि जातो. त्याला वाटतें, मला दिसत नाहीं. पहिलीं दोन वर्षें मी दोन टंबलर कॉफी करून ठेवीत होतें, सार. निवून जाई. मग सोडलें."

मी म्हणालो, "अक्का, एक हाक मारा ना."

"मी नाहीं मारायची. बँकेंत मॅनेजरास न जुमानतां बसतो, त्याला दोन जिने चढवत नाहींत?" सुरी पाटावर ठेवून त्या माझ्याकडे वळल्या. "सांगा त्याला, अक्का बोलावीत नाहीं. दार उघडें आहे म्हणावें. होतेंच."

मी खाली आलो. सेतुराव चहाचा ग्लास तसाच धरून उभे होते.

"काय म्हणाली?"

"बोलावत नाही म्हणाल्या."

त्यांनी मान हलवली, जणू हेच ऐकायला आले होते.

"आणि दार उघडं आहे म्हणाल्या. नऊ वर्षं उघडंच होतं म्हणाल्या."

सेतुरावांनी ग्लास माझ्या हातात दिला. शर्टाच्या कॉलरवरून हात फिरवला, वेष्टी नीट केली आणि रस्ता ओलांडला. फाटकाशी जरा थांबले. मग आत गेले.

थोड्या वेळाने दुसऱ्या मजल्यावरून अक्कांचा आवाज सुरू झाला. त्या जुन्या, ठसठशीत मराठीत त्यांनी भावाला असा फैलावर घेतला की शेजारच्या बाल्कन्यांत माणसं आली. त्यांना एक अक्षर समजत नव्हतं, तरी ती उभी राहून ऐकत होती. अक्का बोलत होत्या, थांबत होत्या, आणि पुन्हा बोलत होत्या. साऱ्या वेलचेरीला उलट उत्तर देणाऱ्या माणसाचा आवाज त्यात एकदाही आला नाही.

मी सेतुरावांच्या चहाचे पैसे दिले आणि घरची बस धरली.